पहिलं पाऊल साकव्यांचं

साकव म्हणजे काय, असं आता विचारलं तर तुमच्यातले निम्मे जण एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. बघा. त्यात तुमची काही चूक नाही. नदीवरच्या सिमेंटच्या फरशीवरून टणाटणा उड्या मारत शाळेत येणाऱ्या पोरांना साकव कुठून ठाऊक असणार? मित्रांनो, नदीच्या या काठावरून त्या काठावर टाकलेलं आडवं लाकूड, त्यावरून माणसानं तोल सांभाळत चालायचं, त्याला साकव म्हणतात. तसला एक जुना साकव मी. शाळेच्या कुडाला लागून पडलोय ना, तोच.

आमची खडपवाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. गावापुढून नदी वाहते आणि खाली जाऊन सावित्रीला मिळते. कागदावर तिला काही नाव असेल. आम्ही नुसतं नदी म्हणतो, आणि तीही तेवढ्यावर ओळखते. गाव अलीकडं, बाजार, डॉक्टर, भाताची गिरणी, एस.टी. सगळं पलीकडं. मधे काळ्या खडपातली, म्हणजे कातळातली घळ. रुंदीला फार नाही, पण खाली पाणी असं खोल आणि चक्राकार, की पोहणाराही त्यात उतरत नसे. साकव नसला तर डोंगराच्या वळशानं जायचं. सकाळी निघालेला माणूस दुपार कलल्यावर पलीकडं दिसायचा.

मी जातीनं ऐन. काळं, जड, हट्टी लाकूड. मला सदू साकव्यानं तोडलं. सगळा गाव मला ओढायला होता. सदूनं वाकसानं माझी वरची बाजू चपटी केली, पाय घसरू नये म्हणून आडव्या खाचा पाडल्या आणि करंजाचं तेल असं चोळलं, की मुंग्यासुद्धा दोन महिने माझ्याकडं फिरकल्या नाहीत. तेव्हा मला बरंच दुखलं असेल. आता आठवत नाही.

मित्रांनो, माझं वर्ष दोन तुकड्यांचं. मृगाच्या आधी मला उचलायचं, नाहीतर पुरानं थेट दासगावच्या खाडीत नेऊन सोडलं असतं. पावसाळाभर मी साकव्यांच्या पडवीत. कोंबड्या माझ्यावर बसायच्या आणि जे करायचं ते करायच्या. दसऱ्याच्या सुमाराला पाणी उतरलं की मला पुन्हा घळीवर टाकायचं. सुंभाचे दोर, पलीकडून ओढणारी माणसं, अलीकडून रेटणारी माणसं, आरडाओरडा, शिव्या. मी जागेवर बसलो की नारळ फुटायचा, हळदकुंकू व्हायचं. आणि मग सगळे गप्प.

कारण पहिलं पाऊल साकव्यांचं. त्या घराचं माणूस अनवाणी माझ्यावर चढायचं, पलीकडं जायचं आणि परत यायचं. नुसतं जाऊन भागत नसे. परत आलं, की वाट सुटली. त्याआधी राजा जरी आला असता तरी त्याला आमच्या लोकांनी काठावर बसवून पान खायला दिलं असतं.

सदूनंतर हे काम त्याच्या मुलानं, कुशाबानं केलं. कुशाबाचे गुडघे धरायला लागले तेव्हा त्याचा मुलगा सयाजी चालू लागला. सयाजी मुंबईला गोदीत होता. बाकीची पोरं गणपतीला आणि शिमग्याला रजा काढायची, हा दसऱ्याला काढायचा. का, तर साकव चालायला. माझ्यावरून जाताना शीळ घालायचा आणि मधोमध येऊन मुद्दाम एकदा डुलायचा. काठावर त्याची आई राहीबाई ओरडायची, "अरं मेल्या, पडशील ना!" मग तो आणखी डुलायचा. मला तो आवडायचा. माझ्यावर डुलायची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षी, फाल्गुनात, सयाजी तापानं फणफणत मुंबईहून आला. पोलादपूरला एस.टी.तून उतरवला आणि डोलीतून माझ्यावरून गावात आणला. डोली वाहणारे भोई जपून पावलं टाकत होते. शीळ नव्हती. होळी पेटायच्या आत सयाजी गेला.

त्यानंतरच्या घराबद्दल मी तुम्हाला काय सांगू? काही घडतच नव्हतं. पावसाळा लागला, मी पडवीत येऊन पडलो आणि सगळं डोळ्यांसमोर बघत राहिलो. कुशाबा ओट्यावर बसून असायचा. हातात विडी, पण पेटवलेली नाही. राहीबाईनं "जेवा" म्हटलं की जेवायचा, "उठा" म्हटलं की उठायचा. आमटीत मीठ पडलंय का नाही, ते त्याला कळत नसे. सयाजी गेला तेव्हा तो रडला नाही आणि नंतरही रडला नाही. त्याची सून आवडी. वय असेल चोवीस-पंचवीस. ती कांडायची, सारवायची, पाणी भरायची. तिला हाक मारली की ती लगेच ओ देत नसे. हाक आधी कुठंतरी लांब जाऊन यायची, मग तिची मान वळायची. एकटी राहीबाई बोलत असे, चुलीशी, मांजराशी, पावसाशी. बोलणं थांबलं तर काय होईल याची तिला भीती वाटत असावी. आणि सयाजीची साळू, सहा वर्षांची. ती माझ्यावर घोडा करून बसायची आणि मला टाचा मारायची. त्या घरात तेवढंच काय ते जिवंत.

त्या आषाढात चिंतामणी मास्तर घरी आले. ते मूळ महाडचे, पण पावसाळ्यात वाट तुटते म्हणून गावातच खोली घेऊन राहत. साळूचं नाव शाळेत घालायचं होतं. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "कुशाबा, तुमचं कुळ जाधवांचं ना? मग गावात सगळे तुम्हाला साकवे कसे म्हणतात? साकव बांधता म्हणून?"

कुशाबा कधी नव्हे तो बोलला. "बांधतो म्हनून नाय, मास्तर. बांधायला सगळा गाव असतो."

"मग?"

"लई जुनी गोष्ट हाय. आमच्या वरच्या कुनी पिढीतला एक रामा जाधव व्हता. त्या साली साकव त्यानं टाकला, आन् लोकास्नी म्हनला, जावा आता, पक्का हाय. सोता गेला नाय. घरातलं बी कुनी धाडलं नाय. पयली गेली ती दुसऱ्याच्या घरची एक लेकुरवाळी बाई. साकव गडगडला. बाई गेली."

साळूनं टाचा मारायचं थांबवलं. "मेली?"

"मेली. गावानं रामाला काय बी बोल लावला नाय. पर त्या साली साकवावर कुनी पाय बी ठेवला नाय. गाव कोंडला. तवा रामानं काय केलं, साकव पुन्ना टाकला, आपला येकुलता पोर खांद्यावर घेतला आन् पलीकडं जाऊन परत आला. म्हनला, हितनं फुडं गडगडला तर आदी माजं मानूस जाईल, मग तुमचं. तवापास्नं गाव आमास्नी साकवे म्हनतो."

मास्तर म्हणाले, "मग शाळेतही साकवेच लावू या. साळू सयाजी साकवे."

"व्हय," कुशाबा म्हणाला, आणि पुन्हा विडीकडं बघत बसला.

श्रावण गेला. भादव्यात एक दिवस वळशाच्या वाटेनं आवडीचा भाऊ दत्ताराम आला. गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेला जळवांचे चावे. पलीकडच्या कोंडातला, म्हणजे वाडीतला तो, स्वभावानं बरा, पण मनात धरलं की सोडणारा नव्हे. गूळपाणी झालं, पावसापाण्याचं बोलणं झालं, आणि मग तो म्हणाला, "मामा, आवडीचं काय करायचं? दासगावला एक जागा हाय. बायको गेलेली, भातशेती सोताची, मानूस निर्व्यसनी. पाट लावू म्हनतो."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्याकडं त्यात कुणी वावगं मानत नाही. राहीबाई आतून म्हणाली, "बरोबर बोलतोय त्यो. पोरीनं असं किती दीस कांडत बसायचं?" ती हे बोलली तेव्हा आतली चूल एकदम धुरानं भरली होती, असं तिनं नंतर सांगितलं. डोळ्यांतलं पाणी त्याचंच, म्हणाली.

कुशाबानं मान हलवली. "न्या. घळीवर साकव पडला की घेऊन जावा."

"आन् साळू?"

"साळू साकव्यांची हाय. नाव आमचं लावते ती. ती ऱ्हाईल."

तशीच रीत होती, मित्रांनो. बाई दुसऱ्या घरी गेली की पोर बापाच्या नावाकडं राहायचं. दत्तारामलाही ते ठाऊक होतं. तरी त्यानं बहिणीकडं बघितलं. आवडी जात्यापाशी बसली होती. तिचा हात खुंट्यावर होता, पण जातं फिरत नव्हतं. संध्याकाळी साळूच्या केसांत तेल घालताना तिनं सगळी वाटी त्या पोरीच्या डोक्यावर ओतली, आणि तेल पोरीच्या कानामागून ओघळायला लागलं तरी ती चोळतच होती. साळू किंचाळली तेव्हा ती भानावर आली.

दसरा आला. पाणी उतरलं. सोनं वाटून झालं आणि गाव कुशाबाच्या ओट्याकडं बघायला लागला. कुशाबा म्हणाला, "अजून वढ हाय पाण्याला." दिवाळी जवळ आली. पाण्याला ओढ राहिली नव्हती. खडपांवर शेवाळ वाळून पांढरं झालं होतं. कुशाबा म्हणाला, "बघू." मीठ संपलं, रॉकेल संपलं. दिवाळीला मुंबईहून येणारी चार-दोन पोरं डोक्यावर पत्र्याच्या पेट्या घेऊन डोंगर चढून येऊ लागली आणि आल्याआल्या साकव्यांच्या नावानं बोटं मोडू लागली.

गावाला कळत का नव्हतं? सगळं कळत होतं. साकव पडला की आवडी जाणार, हे म्हातारा स्वतःच बोलून बसला होता. शब्द मोडायचा नव्हता आणि पाळायचाही नव्हता. सुनेच्या रूपानं सयाजीचं जे काही घरात उरलं होतं, ते मी पडवीत आहे तोवर घरात राहत होतं. त्यानं मला जणू उशाशीच ठेवलं होतं. तो माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं. दोघंही लाकूड.

पलीकडून दत्तारामनं निरोप धाडला, की साकव कधी टाकताय. निरोप आणणाऱ्यानं त्याला विचारलं होतं, की बाबा, वळशानं घेऊन जा की बहिणीला. तर दत्ताराम भडकला म्हणे. "चोरवाटेनं न्यायला ती काय पळून येनारी बाई हाय? साकवावरनंच येईल, चारचौघांदेखत."

शेवटी शेजारचा चांगू चार-पाच दांडगे गडी घेऊन आला. भांडणाची तयारी करून आला होता, बाह्या वर सारून. "कुशाबा, साकव आमी टाकतो. गाव किती दीस कोंडायचा?"

कुशाबा म्हणाला, "न्या."

चांगूची सगळी तयारी वाया गेली. तो बाह्या खाली सोडू लागला.

मला उचललं, वाजत गाजत नव्हे, मुकाट्यानं नेलं. टाकलं मात्र झकास. मी दोन्ही खडपांवर असा बसलो की सदूनंही शाबास म्हटलं असतं. नारळ फुटला. आणि मग सगळे उभे राहिले. हे धट्टेकट्टे गडी, एकेकाच्या दंडात बैलाचं बळ, माझ्या टोकाशी उभे राहून एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले.

"तू जा रे."

"मी काय साकव्यांचा हाय? तू जा."

"माज्या बायकोला दीस गेल्यात, मी नाय."

"आन् माजं काय, मी वाटेवर पडलोय व्हय?"

मी इतका पक्का बसलो होतो की हत्ती गेला असता. पण मला कोण विचारतंय? पिढ्यान्‌पिढ्या पहिलं पाऊल दुसऱ्यानं टाकायची सवय लागली, की माणसाला स्वतःचा पाय उचलता येत नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की प्रयागबाईची शेळी पुढं घालावी.

"शेळीचं आडनाव काय रे?" एक म्हातारा मागून ओरडला आणि त्या सबंध दसऱ्या-दिवाळीत पहिल्यांदा गाव हसला.

शेळी गेली. डौलात गेली. पलीकडं उतरली, कोंडाच्या दिशेनं चालू लागली आणि कुणाच्या तरी परसातले पावट्याचे वेल ओरबाडू लागली. परत यायचं नाव नाही.

"आता?" चांगू म्हणाला.

"आता काय? परत कुठं आली? जाऊन परत यायला पायजे," म्हातारा म्हणाला.

"तुमच्या साकवाला लागली आग! माजी शेळी आना!" प्रयागबाई काठावर नाचत होती. पण तिची शेळी आणायलासुद्धा कुणी माझ्यावर पाय ठेवीना.

साकव पडल्याची बातमी पलीकडं पोचली. दत्ताराम आला, डोक्याला नवा रुमाल बांधून. त्यानं हाताचा कर्णा करून हाक दिली, "साकव पडला! आवडीला धाडा!"

"पडलाय, पर चालला नाय!" चांगूनं उलट हाक दिली.

मित्रांनो, दोन्ही काठांवर माणसं उभी आणि मधे मी मोकळा. एवढी माणसं असून एवढा मोकळा मी कधी नव्हतो.

कुशाबा आला. कुणी बोलावलं नव्हतं. काठी टेकत आला आणि माझ्या अलीकडच्या टोकावर बसला. वाट अडवून बसला म्हणा ना. मागून राहीबाई आली, एका हाताला आवडी, दुसऱ्या हाताला साळू. आवडीच्या काखेत लुगड्यांचं बोचकं होतं. साळूच्या अंगात शाळेचं परकर-पोलकं होतं. आई कुठंतरी निघालीय म्हणून तिनं आपणहून चांगले कपडे घातले होते. आपल्याला जायचं नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"उठा," राहीबाई म्हणाली.

कुशाबा एरवी "उठा" म्हटलं की उठायचा. त्या दिवशी उठला नाही.

"उठा म्हनते ना! गाव बघतोय."

"बघू दे."

राहीबाईनं दोघींचे हात सोडले आणि पदर खोचला. "अवो, मला एक सांगा. ह्या घरात मी आले तवा माज्या सासूनं पयल्या दिशी सांगितलं, आपल्याला साकवे का म्हनत्यात. लोकाची लेक फुडं घातली आन् आपलं मानूस मागं ठेवलं, त्यापायी एक बाई पान्यात गेली. म्हनून आपलं मानूस फुडं. खरं का नाय?"

कुशाबा खाली पाण्याकडं बघू लागला.

"खरं का नाय, बोला!"

"खरं."

"मग आज काय करताय तुमी? ही लोकाची लेक." तिनं आवडीच्या पाठीवर हात ठेवला. "हिला म्हनताय, जा, तू एकली जा, पोर टाकून जा. आन् आपलं पोर मागं धरून ठेवताय. रामानं जे केलं तेच करताय. नाव साकव्यांचं लावायचं आन् करनी ही?"

"पोर गेली तर नाव कुनी लावायचं, राही?" कुशाबाचा आवाज इतका खाली गेला होता की तो फक्त तिला आणि मला ऐकू आला. "सयाचं काय ऱ्हानार?"

"मी काय दगडाची हाय?" राहीबाई म्हणाली. "मला बी तीच एक हाय."

खाली पाणी वाहत होतं. प्रयागबाईसुद्धा शेळी विसरून उभी होती. आवडीकडं मी बघितलं. ती नदीकडं बघत होती, पण त्या बघण्यात नदी नव्हती. तिला आता कुणी ढकललं असतं तर ती चालली असती, थांब म्हटलं असतं तर तिथंच उभी राहिली असती. पोर टाकून जायचं तर तसंच जावं लागतं, दुसरं काय.

कुशाबा उठला. मग त्यानं वहाणा काढल्या. काठी चांगूच्या हातात दिली. लोक चुळबुळले. "आजा, गुडघं..." कुणीतरी म्हणालं. त्यानं ऐकलं नाही.

"साळू, ये गो. खांद्यावर बस."

साळू टुणकन आली. चांगूनं तिला उचलून आजाच्या खांद्यावर बसवलं. तिनं आजाचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि सवयीनं त्याच्या छातीवर टाचा मारल्या.

कुशाबा माझ्यावर चढला.

त्याचे गुडघे थरथरत होते, ते माझ्यात उतरत होतं. पण तळवे खाचा शोधत बरोबर पडत होते. त्याच्या बापानं पाडलेल्या खाचा त्या. मधोमध आल्यावर साळू म्हणाली, "आजा, बाबा हितं डुलायचा ना?" कुशाबा थांबला. त्यानं डुलायचं काही केलं नाही. नुसतं "व्हय" म्हणाला आणि पुढं निघाला.

पलीकडं दत्ताराम दोन्ही हात पुढं करून उभा होता. कुशाबानं साळूला खाली उतरवलं. तिच्या परकराची सुरकुती हातानं सारखी केली. मग तिचा हात दत्तारामच्या हातात दिला.

"आई येतेय मागनं," तो तिला म्हणाला. "मामाचा हात सोडू नको."

"मामा..." दत्ताराम कुशाबाला म्हणाला, "पर पोर तुमच्या नावाची..."

"नाव काय लावायचं ते तुमी बघा," कुशाबा म्हणाला आणि वळला.

परत येताना तो एकटा होता. खांदे तसेच वर धरलेले होते, अजून कुणी बसलंय असे. साळूनं मागून "आजा!" म्हणून हाक मारली. तो चालत राहिला. मागं वळला असता तर पडला असता, हे मला माहीत आहे, त्याच्या तळव्यांनी ते मला सांगितलं. अलीकडं उतरला. रीत पुरी झाली. जाऊन परत आला.

तो सुनेसमोर उभा राहिला. म्हणाला, "जा गो. पोर फुडं गेलीय."

आवडीला मारलेली हाक लांब जाऊन यायची ना? ही हाक लांब गेली नाही. तिच्या काखेतलं बोचकं खाली पडलं. ती सासऱ्याच्या पायावर पडली, सासूच्या गळ्यात पडली, आणि फाल्गुनापासून त्या बाईच्या तोंडातून जो आवाज निघाला नव्हता, तो निघाला. राहीबाईही रडली, धूर नसताना, उघड्यावर. "जा, जा, पोर वाट बघतेय," म्हणत तिनंच सुनेला माझ्याकडं वळवलं. आवडी माझ्यावरून पळत गेली. माझ्यावरून कुणी पळालेलं मला खपत नाही. त्या दिवशी मी काही म्हटलं नाही. बोचकं मागून चांगू घेऊन गेला.

मग वाट सुटली. मीठ आणायला, रॉकेल आणायला, शेळी आणायला गाव माझ्यावरून निघाला. संध्याकाळपर्यंत मला उसंत नव्हती. कुशाबा काठावरच्या खडपावर बसून होता. उन्हं कलल्यावर राहीबाई त्याला न्यायला आली. तिनं अजून "जेवा" म्हटलं नव्हतं. तोच म्हणाला, "राही, भूक लागलीय गो."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग लगबगीनं पुढं झाली. "चला, चला. भाकरी टाकते."

पुढची काही वर्षं कुशाबानंच पाऊल टाकलं. मग सरकारनं फरशी बांधली आणि माझं काम संपलं. दोन्ही म्हातारी एकामागून एक गेली. साळूला दासगावच्या शाळेत कुठलं आडनाव लावलं, ते मला कळलं नाही. कुशाबानंही कधी विचारलं नाही. आवडी दर भाऊबीजेला माहेरी आली की पोरीला घेऊन त्यांच्याकडं यायची, दिवसभर राहायची. आजा तिला शेंगा फोडून द्यायचा. नावाची गोष्ट कुणी काढत नसे.

आता खडपवाडीत साकव्यांचं घर नाही. माझ्या एका टोकाला वाळवी लागली आहे. ते टोक तसं सुन्नच आहे, त्याचं मला काही वाटत नाही. मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्यावर बसून डबे खाता, खिळ्यानं आपापली आडनावं कोरता. कोरा. मी तक्रार करणार नाही, जमलं तर वर्षाकाठी थोडं करंजाचं तेल मात्र लावा. आणि मित्रांनो, एवढं करा. नाव कोरायच्या आधी घरी जाऊन आजा-आजीला विचारा, की हे नाव आपल्याला कुणी दिलं, आणि देताना आपल्याकडून काय कबूल करून घेतलं. विचारायला उशीर करू नका. आमच्याकडं हे सांगायला साकव्यांचं माणूस उरलं नाही, म्हणून लाकडाला बोलावं लागलं.